एकतीस तारखेचा हट्ट

ऑक्टोबर सरत आला की बोईसरच्या सोसायट्यांमध्ये आणि पालघरच्या शाळकरी पोरांच्या तोंडी हॅलोविन सुरू होतं. काळे झगे, मुखवटे, आणि मग, “बाबा, इमॅजिकाला जाऊ या ना, तिथे भुतं असतात!” आईबाबांनो, या हट्टाबद्दल तुमच्याशी मोकळेपणी बोलायचं आहे. मुलांची हौस मला मनापासून पटते. ती 31 ऑक्टोबरला किंवा त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारीच भागवायची, हे मात्र पटत नाही.

आपल्याकडे हॅलोविन अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतं. 2024 साली तर नरकचतुर्दशीच 31 ऑक्टोबरला होती. खोपोलीच्या इमॅजिका पार्कला त्या दिवसांत मुंबईकर येतात, पुणेकरही येतात. आपण बोईसरहून दीडशे किलोमीटरच्या वर अंतर कापून, घोडबंदरच्या कोंडीतून पोरांना पहाटे झोपेतून उठवून नेतो आणि तिथे रांगेत उभं करतो.

तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. तो गर्दीचा अंदाज म्हणून वाचा. फ्लोरिडाच्या डिस्नेत हॅलोविनच्या संध्याकाळचं तिकीट दिवसाच्या तिकिटाहून वेगळं काढावं लागतं. 2023 साली ते ऑगस्टमध्ये 109 डॉलरपासून सुरू झालं आणि 31 ऑक्टोबरला 199 डॉलरवर गेलं. पार्क तेच, पाळणे तेच. दर चढला तो माणसांना त्याच रात्री यायचं होतं म्हणून. म्हणजे महाग दिवशी आपण जास्त पैसे मोजून कमी पाळण्यांत बसतो. वर रांग टाळण्यासाठी एक्स्प्रेस तिकीट घ्यायचं म्हटलं, तर चौघांच्या घराला तो खर्च झेपणार आहे का? आणि एक्स्प्रेसवाले पुढे गेले, की साध्या रांगेतलं आपलं पोर आणखी थांबतं.

आधी घरी मुलांची उंची मोजा. मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं, मोठ्या पाळण्यांनाही उंचीची अट असते. तासभर रांगेत उभं राहून दारातून परत फिरवलेल्या मुलाची समजूत काढणं फार अवघड जातं. इमॅजिकातल्या सलीमगढसारख्या भुताच्या वाड्यात पाच-सहा वर्षांच्या लेकराला ओढून नेऊ नका. त्या वयात मुखवट्यामागे माणूस आहे हे सांगून कळलं, तरी भीती जात नाही.

गर्दीचा दिवस टाळायची अक्कल आपल्याकडे जुनीच आहे. डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस चालते. लहान मूल कडेवर असलेली बाई पहिल्या दिवसाची गर्दी टाळते आणि मधल्या वारी निवांत जाते. देवी तीच, आकाशपाळणा तोच. शिवाय जत्रेत आत शिरायला पैसे लागत नाहीत, बसाल त्या पाळण्याचे द्यायचे.

आता फुकटच्या गर्दीविषयी, कारण इथे मला खरी काळजी वाटते. तिकीट असलं की आत किती माणसं आहेत ते निदान कुणीतरी मोजतं. 29 ऑक्टोबर 2022 ला सोलच्या इतेवॉनमध्ये हॅलोविनसाठी रस्त्यावर जमलेल्या गर्दीत, जेमतेम सव्वातीन मीटर रुंद गल्लीत चेंगराचेंगरी झाली. 159 जीव गेले, बहुतेक विशीतले. ना तिकीट होतं, ना कुणी आयोजक. तुमची मोठी मुलं मित्रांसोबत अशा कुठल्या कार्यक्रमाला निघाली, तर बाहेर पडायच्या वाटा किती आहेत ते आधी विचारा. दाटी वाढली की हात छातीसमोर धरायचे, ढकलायचं नाही, तिरकं सरकत कडेला यायचं, हे त्यांना घरीच करून दाखवा. लहानग्यांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहा.

एमआयडीसीत किंवा तारापूरच्या अणुवीज केंद्रात पाळीवर काम करणाऱ्यांना एक सोय आहे. तुमची सुट्टी अनेकदा आडवारी येते आणि आडवारी पार्क मोकळं असतं, तिकीटही बरेचदा स्वस्त. दिवाळीनंतर शाळा उघडली, की अशा एका मंगळवारी किंवा बुधवारी जा. एक दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या. मुखवटा तेव्हाही घालता येतो. तिकीट काढताना लेकराला शेजारी बसवा, गर्दीच्या आणि आडवारच्या अशा दोन्ही तारखांचे दर दाखवा आणि वाचलेल्या पैशांचं काय करायचं ते त्यालाच ठरवू द्या.