घरांतील लिंबाची कुंडी व मळ्यांतील बाग

पुण्यांत घर केलेल्या आमच्या बागाईतदार बंधूंपैकीं अनेकांच्या सज्जांत लिंबाची एखादी कुंडी असते. घरांत ठेविलेलें झाड किडीपासून सुरक्षित राहतें, असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. वस्तुस्थिति बहुधा उलट असते. उघड्या बागेंत पाऊस पानें धुऊन काढतो आणि ढालकिड्यांसारखे मित्रकीटक किडीचा फडशा पाडतात. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलीमस नांवाचा ढालकिडा तर १८९८ सालीं मुद्दाम ऑस्ट्रेलियांतून आपल्या देशांत आणविला गेला. दिवाणखान्याच्या खिडकींत असा रखवालदार कोठून येणार?

प्रथम पाहणी करावी. महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें स्थळपाहणीवांचून निकाल देणें आम्हांस मानवत नाहीं. आठवड्यांतून एकदां पानें उलटून पाहावीं. पानांवर काजळी धरली असेल, किंवा खोडावरून मुंग्यांची रांग चालली असेल, तर वर मावा, खवले कीड अथवा पिठ्या ढेकूण आहे असें खुशाल समजावें. या किडी गोड चिकटा सोडतात. त्याच्या लोभानें मुंग्या त्यांचें रक्षण करतात, व त्याच चिकट्यावर काजळी वाढते. म्हणून आधीं मुंग्यांची वाट बंद करावी. पाणी भरलेल्या परातींत वीट ठेवून तीवर कुंडी ठेवावी आणि फांदी भिंतीस टेकूं देऊं नये. परातींतील पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनीं बदलावें, नाहीं तर डासांची पैदास व्हावयाची.

पिठ्या ढेकूण स्पिरिटांत भिजविलेल्या कापसाच्या बोळ्यानें पुसून काढावे. नंतर एक लिटर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा मऊ साबण मिसळून सायंकाळीं पानांच्या खालच्या बाजूस फवारावें. अंडीं यांतून वांचतात, म्हणून आठ दिवसांनीं पुन्हा फवारणें अवश्य आहे. बहुतेकांचा उपाय फसतो तो येथेंच. मळ्यावर वापरावयाचें विषारी औषध घरांत मुळींच आणूं नये. त्या लिंबाचें सरबत मुलेंच पिणार असतात.

पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी व पुढें हिरवी होणारी अळी फुलपाखराची असते; ती हातानें वेंचावी. उन्हाळ्यांत कोळी झाल्यास पानें पाण्यानें धुवावीं.

सर्वांत घातक कीड ती सायला. तपकिरी रंगाची, सुमारें तीन मिलिमीटर लांब, मागची बाजू वर उचलून पानावर बसणारी ही कीड कोवळ्या फुटीवर वाढते. संत्रा-मोसंबीच्या ग्रीनिंग रोगाचा प्रसार ती करते, हें पुण्यांत विषाणुरोगांवर काम करणाऱ्या कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलें. या रोगाला औषध नाहीं. पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस पिवळे चट्टे विषम पडतात. फळें लहान व एकांगी होतात. सायला कढीलिंबावर व कुंतीवरहि वाढते, आणि शहरांत हीं दोन्ही झाडें घरोघर आहेत.

तेव्हां शहरांत वाढलेली लिंबाची किंवा कढीलिंबाची कुंडी सुटीला गांवीं जातांना मळ्यांत नेऊं नये, व तिच्या फांदीचा डोळा बागेंत बांधूं नये. झाड रोगी निघाल्यास उपटण्यापूर्वीं त्यावर मोठी पिशवी घालून तिचें तोंड बुंध्याशीं घट्ट बांधावें. नाहीं तर सायला उडून शेजारच्या कढीलिंबावर जाऊन बसते.