भिंतीबाहेरचे घोडे

हैदराबादच्या मलकपेठेत 1886 साली, म्हणजे सहाव्या निजामाच्या काळात, शर्यतीचे घोडे धावू लागले. रेसकोर्सच्या भिंतीआतल्या घोड्यांना मायक्रोचिप आहे, कागदपत्रं आहेत, स्वतःचे डॉक्टर आहेत. माझी पशुवैद्यकी भिंतीबाहेर, वरातीच्या घोड्यांत गेली. ग्लँडर्स आणि सांसर्गिक रक्तक्षय या रोगांच्या तपासणीसाठी रक्त काढता काढता जे शिकलो, ते हे.

1. आधी माणसाशी बोला, मग शीर शोधा.
"घोडा तो चंगा है साब, खून कायकू?" हा प्रश्न हमखास येतो. ग्लँडर्सला लस नाही, तो माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला 2009 च्या कायद्याने दयामरण द्यावं लागतं. हे आणि सरकारी भरपाईचं आधीच सांगा. लपवलंत, तर पुढच्या खेपेला तबेला रिकामा सापडतो.

2. भोवरे काढून ठेवा.
वरातीचे घोडे बहुतेक पांढरेच. एकदा दोन घोड्यांच्या नळ्यांवर मी नुसतं 'पांढरी घोडी' लिहिलं आणि दोघींचं रक्त पुन्हा काढावं लागलं. तेव्हापासून कपाळावरचा, मानेवरचा केसांचा भोवरा कागदावर काढतो. जुनी माणसं त्यात शुभाशुभ पाहत, मी ओळख पाहतो.

3. रक्ताला घाई चालत नाही.
नळी सावलीत उभी ठेवा, रक्त साकळू द्या, सीरम वेगळं करा, मगच बर्फ. हलवाहलवीत तांबड्या पेशी फुटल्या, तर हिसारच्या अश्व संशोधन केंद्रापर्यंतचा प्रवास फुकट.

4. 'प्रतिपिंडं सापडली' याचा अर्थ रोगागणिक बदलतो.
इन्फ्लुएन्झात ती होऊन गेलेल्या तापाची खूण असते किंवा लशीची. ताप ताजा की जुना, हे दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन ताडावं लागतं. प्रमाण चौपट वाढलं, तर ताजा. सांसर्गिक रक्तक्षयात मात्र विषाणू जन्मभर अंगात राहतो, म्हणून प्रतिपिंडं म्हणजे आजचा रोगवाहक. त्यातही शिंगरू असेल तर थांबा. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं काही महिने त्याच्या रक्तात दिसतात. आईच्या आजाराची शिक्षा पोराला नको.

5. निगेटिव्ह म्हणजे सुरक्षित नव्हे.
घोड्यांपलीकडचं उदाहरण घ्या. 1988 साली उत्तर समुद्रात डिस्टेंपरच्या विषाणूने सुमारे 18,000 सील मेले. वाचलेल्यांना प्रतिपिंडांचं कवच मिळालं, पण नंतर जन्मलेली पिल्लं कोरीच होती. 2002 साली साथ परतली. कोरं रक्त म्हणजे रोग अजून या दारी आलेला नाही, एवढंच.

6. भिंत माणसांसाठी असते.
रक्तक्षयाचा विषाणू गोमाशीच्या सोंडेवरून जातो आणि गोमाशी गेटपास मागत नाही. 2021 च्या मे महिन्यात इथल्याच नेहरू प्राणिसंग्रहालयात 8 सिंहांना कोरोना झाल्याचं निष्पन्न झालं. पिंजऱ्याचे गज त्यांच्या काय कामाला आले? म्हणून बाहेरच्या घोड्याचं रक्त तपासणं ही आतल्या घोड्याचीही राखण आहे.

7. चांगली बातमीही कळवा.
आम्ही फोन करायचो तो वाईट निकाल आला तरच. त्यामुळे आमचा नंबर दिसला की लोक उचलत नसत. आता निगेटिव्ह आला की आधी मालकाला सांगतो. गेल्या लग्नसराईत एकाचा आपणहून फोन आला : "नई घोडी लाया हूँ साब, खून कब निकालते?"