बोगद्यातील लिथिअम

मोबाइल फोन आपण रोज चार्ज करतो. परंतु त्या वेळी बॅटरीच्या आत नेमके काय घडते, याचा विचार सहसा करीत नाही. बॅटरी उघडून ते पाहता येत नाही आणि तसा प्रयत्न कोणी करूही नये, कारण तिच्यातील द्रव ज्वालाग्राही असतो. जे डोळ्यांना दिसत नाही, ते गणिताच्या आणि संगणकाच्या साहाय्याने जाणून घेण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञ गेली काही दशके करीत आहेत. त्या प्रयत्नाची ही हकीकत आहे.

लिथिअम बॅटरीत दोन अग्रे असतात. धनाग्र बहुधा एखाद्या धातूच्या ऑक्साइडचे असते, तर ऋणाग्र ग्राफाइटचे, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असते त्याच पदार्थाचे. चार्ज करताना लिथिअमचे आयन धनाग्रातून निघतात, मधल्या द्रवातून प्रवास करतात आणि ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. फोन वापरू लागलो की ते परत फिरतात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेने जातात. हाच आपला विद्युतप्रवाह. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांच्या संशोधनातून ही बॅटरी आकाराला आली. १९९१ मध्ये ती बाजारात आली आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गुडइनफ यांनी १९८० मध्ये धनाग्रासाठी जो पदार्थ सुचवला, त्यात कोबाल्ट होते. कोबाल्ट महाग आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि तेथील काही खाणींत लहान मुलेही राबतात, हे अनेक अहवालांतून उघड झाले आहे. तेव्हा कोबाल्टला पर्याय शोधणे हा केवळ पैशाचा प्रश्न उरत नाही. पण पर्याय शोधायचा कसा? प्रत्येक नवा पदार्थ भट्टीत तयार करायचा, त्याची भुकटी करायची, तिचा लेप धातूच्या पातळ पत्र्यावर द्यायचा, बॅटरी जुळवायची आणि ती शेकडो वेळा चार्ज करून पाहायची. एका पदार्थामागे महिनोन्‌महिने जातात आणि शक्य असलेले पदार्थ तर लाखो आहेत.

येथे पुंजयामिकी मदतीला येते. पदार्थातील इलेक्ट्रॉनांचे वर्तन सांगणारे समीकरण १९२६ पासून ठाऊक होते. मात्र इलेक्ट्रॉनांची संख्या वाढली की ते सोडवणे अशक्यप्राय होते. वॉल्टर कोन यांनी १९६४ आणि १९६५ मध्ये सहकाऱ्यांसह एक वाट दाखवली. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढण्याची गरज नाही; इलेक्ट्रॉन कोठे दाट आहेत आणि कोठे विरळ, एवढे कळले तरी पदार्थाची ऊर्जा काढता येते. लिथिअमसह असलेल्या पदार्थाची ऊर्जा, लिथिअम काढून घेतल्यानंतरची त्याची ऊर्जा आणि शुद्ध लिथिअम धातूची ऊर्जा या तीन आकड्यांवरून बॅटरीचे विभवांतर कागदावरच मिळते. बॅटरी तयार करण्याची गरज नाही!

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गेरब्रांड सेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याचा एक सुंदर दाखला दिला. लिथिअमबरोबर येणारा इलेक्ट्रॉन कोबाल्टच स्वीकारते, असा सर्वसाधारण समज होता. गणित म्हणाले, त्यातील मोठा वाटा ऑक्सिजनकडे जातो. तसे असेल, तर काही कोबाल्ट काढून त्या जागी हलके, स्वस्त ॲल्युमिनिअम घातल्यास विभवांतर वाढले पाहिजे. त्यांनी तसा पदार्थ तयार करून पाहिला आणि विभवांतर खरोखरच वाढले. अर्थात केवळ विभवांतरावर बॅटरीची योग्यता ठरत नाही; ती किती टिकते आणि किती सुरक्षित राहते, हेही पाहावे लागते.

आता लोहाकडे वळू. १९९७ मध्ये पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथिअम लोह फॉस्फेट हा पदार्थ पुढे आणला. यात कोबाल्ट मुळीच नाही आणि लोह तर विपुल. पण सुरुवातीला हा पदार्थ फार मंद वाटला; जलद चार्ज करू गेल्यास तो पूर्ण क्षमता देत नसे. कारण काय असावे? २००४ मध्ये सेडर यांच्याच गटाने संगणकावर या स्फटिकातील लिथिअमच्या वाटा तपासल्या. एका दिशेने सरळ बोगदे होते आणि त्यांतून आयन सहज सरकत होता. एका बोगद्यातून शेजारच्या बोगद्यात जाणे मात्र त्याला जवळजवळ अशक्य होते. २००८ मध्ये जपानमधील शास्त्रज्ञांनी न्यूट्रॉनांच्या साहाय्याने हीच वाट प्रयोगात प्रत्यक्ष टिपली.

एकेरी रुळाच्या रेल्वेमार्गाची येथे आठवण होते. कोकण रेल्वेच्या लांब बोगद्यात एखादी गाडी बंद पडली, तर मागच्या गाड्यांना बाजूने जाता येत नाही. स्फटिकातही असेच घडते. लोहाचा एखादा अणू चुकून लिथिअमच्या जागी बसला की तो बोगदा तेथे अडतो. कण मोठा असेल तर बोगदा लांब, आणि लांब बोगद्यात असे अडथळे येण्याचा संभव अधिक. कण अतिसूक्ष्म केला की बोगदे आखूड होतात आणि बहुतेक मोकळे राहतात. कण बारीक करून त्यांवर कार्बनचा लेप दिल्यास हा पदार्थ उत्तम काम करतो, हे प्रयोगांतून दिसत होतेच. त्यामागचे एक मोठे कारण गणिताने उलगडले. आज असंख्य विद्युत बस आणि मोटारी याच पदार्थाच्या बॅटरीवर धावतात.

पाठगत प्रश्न : कण लहान केल्याने लिथिअमचा मार्ग मोकळा कसा होतो? पाठातील उदाहरणाच्या आधारे दोन वाक्यांत सांगा.

अणूंचे गणित संपूर्ण बॅटरीला पुरत नाही. त्यासाठी निराळे प्रतिमान लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन न्यूमन यांनी डॉइल आणि फुलर यांच्यासह १९९३ मध्ये असे प्रतिमान मांडले आणि ते आजही वापरले जाते. थंडीत बॅटरी घाईने चार्ज केल्यास लिथिअम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातूच्या रूपात साचू लागते, हा धोका अशा प्रतिमानांवरून आधीच ओळखता येतो.

ऋणाग्रासाठी सिलिकॉनचे आकर्षण मोठे आहे. ग्राफाइटच्या सुमारे दहापट लिथिअम ते सामावून घेते; परंतु त्या वेळी फुगून त्याचे आकारमान जवळजवळ चौपट होते आणि कण तडकतात. २०१२ मधील प्रयोगांत सुमारे १५० नॅनोमीटरपेक्षा लहान कण मात्र तडकले नाहीत.

२०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी एक शोध जाहीर केला. ज्वालाग्राही द्रवाच्या जागी वापरता येईल असा घन पदार्थ त्यांना हवा होता. संगणकाने सव्वातीन कोटींच्या आसपास पदार्थ चाळून अठरा निवडले. त्यांतील एकात लिथिअमच्या बरोबरीने सोडिअम होते. म्हणजे दुर्मीळ लिथिअम कमी लागणार होते. चाळणीचे काम काही दिवसांत झाले. तो पदार्थ तयार करून तपासण्यास मात्र महिने लागले, कारण तेथे पुन्हा भट्टी, भुकटी आणि माणसाचे हातच होते.

स्वाध्याय

१. बॅटरी न बनवता तिचे विभवांतर कसे काढता येते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. 'कोबाल्टला पर्याय शोधणे हा केवळ पैशाचा प्रश्न उरत नाही.' या विधानाविषयी आपले मत मांडा.

३. आपल्या परिसरात मोबाइल वा विद्युत वाहनांची दुरुस्ती करणाऱ्या व्यक्तीस भेटा. जुन्या बॅटऱ्यांचे पुढे काय होते, याची माहिती घेऊन दहा-बारा ओळी लिहा.