प्रौढांचा शास्त्रवर्ग : मोकळें मन व दृढ विश्वास

पाठ : लूक १३:१-५



बारामती व इंदापूर तालुक्यांतील प्रौढांच्या वर्गांत निरा डाव्या कालव्यावर ऊंस पिकविणारा व जिरायत रानांत पावसाची वाट पाहणारा, असे दोघेही एका सतरंजीवर बसतात. तेथें एखादा भाऊ विचारतो, "प्रार्थना आम्हीही केली, मग आमच्याच शिवारावर अवर्षण कां? आमचें कांहीं पाप आहे काय?" येथें शिक्षकाची कसोटी लागते.

त्यास गप्प बसविलें, तर तो पुन्हां वर्गास येणार नाहीं. ज्याला जें वाटेल तें खरें, असें म्हटलें, तर तो रित्या हातांनीं घरीं जाईल. प्रस्तुत पाठ निराळा मार्ग दाखवितो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं. तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, यास प्रभु स्पष्ट नकार देतो. तेव्हां दुष्काळानें गांजलेल्यास अधिक पापी ठरविण्याचा अधिकार कोणासही नाहीं, हें शिक्षकानें निःशंकपणें सांगावें. प्रभु ऐकणाऱ्या सर्वांसच पश्चात्तापास बोलावितो. म्हणून कालव्याखालच्यानें आपणांस अधिक नीतिमान् समजूं नये. परंतु बुरूज कां पडला, हें प्रभूनें तेथें सांगितलें नाहीं. जेथें शास्त्र मौन धरतें, तेथें शिक्षकानें पदरचें उत्तर देऊं नये. त्या भावासह प्रार्थना करावी.

प्रश्नांचें भय धरूं नये. केडगांवच्या मुक्ति मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्यानंतरही त्यांनीं त्रैक्यादि विषयांवर आपल्या शिक्षिकांस पत्रांतून कठीण प्रश्न विचारले. त्याच बाईंनीं पुढें इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या त्या कामीं झटल्या.

वर्गाची रीत अशी ठेवावी : उतारा दोनदां वाचावा. ज्यास वाचतां येत नाहीं, त्यानें तो आपल्या शब्दांत सांगावा. मग प्रश्न घ्यावे. शिक्षकानें शेवटीं आपला विश्वास, त्याच्या आधारभूत वचनासह, सांगावा. बिरुयाच्या लोकांनीं पौलाचें बोलणेंही शास्त्राशीं ताडून पाहिलें, व त्याबद्दल त्यांची प्रशंसाच झाली (प्रे. कृ. १७:११).

मननार्थ प्रश्न : (१) या पाठांत प्रभु काय निश्चित सांगतो, व काय सांगत नाहीं? (२) आपल्या मंडळींत कोणाच्या संकटास आपण पापाचें फळ म्हटलें आहे काय? या आठवड्यांत त्याच्या घरीं कोण जाईल?