काच का काळवंडते?

सुरतेहून मुंबईची गाडी धरली की वापी मागे पडते आणि डहाणूच्या पुढे बोईसर स्टेशन लागते. तेथून जवळच तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. भारतातील हे पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. आपल्या सुरतेजवळ काक्रापारचे केंद्र १९९३ पासून वीज देत आहे. अणुकेंद्राचे नाव निघाले की घरोघरी भीतीची कुजबुज होते. म्हणून या महोत्सवी स्मरणिकेत आम्ही एक साधा प्रश्न घेतला आहे: किरणोत्सर्गाने काचेचे काय होते?

तारापूरला वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रियाही होते. असे इंधन हाताळणारा कामगार जाड भिंतीबाहेर उभा राहून यांत्रिक हात चालवतो आणि शिशाच्या जाड काचेच्या खिडकीतून आत पाहतो. साधी काच लावली, तर ती हळूहळू तपकिरी होत जाते आणि कामगाराला आतले दिसेनासे होते. पियरे व मारी क्यूरी यांनी रेडियमच्या किरणांनी काच रंगते, हे १८९९ मध्येच नोंदवले होते.

याचे कारण समजण्यासाठी आपल्या शहरातील मागाकडे पाहावे. शुद्ध सिलिका काचेत सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंशी बांधलेला असतो आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉन अणूंना जोडतो. जणू सूत न सूत गुंफलेले कापडच! गामा किरण आत शिरले की अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात. उडालेला इलेक्ट्रॉन दुसरीकडे एखाद्या उणिवेच्या जागी अडकतो आणि मागे एक रिती जागा उरते. न्यूट्रॉन तर अख्खा अणूच जागेवरून ढकलतात. कापडात धागा तुटावा, तसाच हा दोष होय. अशा जागा प्रकाशातील ठरावीक भाग गिळतात. गिळून उरलेला प्रकाश तो आपल्याला दिसणारा रंग.

अतिशुद्ध सिलिकेत हे दोष मुख्यतः अतिनील किरण गिळतात, म्हणून डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. तथापि सोडा असलेल्या नित्याच्या काचेत बरेच ऑक्सिजन एकाच बाजूने बांधलेले असतात. तेथे रंग चटकन धरतो. स्फटिकात ॲल्युमिनियमचा अंश असला, तर निसर्गातील किरणांनी तो धुरकट होतो. तापवल्यावर अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रंग बराचसा निघून जातो.

खिडकीसाठी उपाय सापडला तो सिरियमचा. हे मूलद्रव्य काचेत दोन रूपांत राहते: एक रूप सुटे इलेक्ट्रॉन पकडते, दुसरे रित्या जागा भरते. त्यामुळे रंग देणारे दोष फारसे बनतच नाहीत. काचेला किंचित पिवळी छटा येते खरी. पण आधी थोडे पिवळेपण पत्करून पुढचे काळेपण टाळावे, हाच शहाणपणा.

आता सुरतेच्या घंटीवर बसणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. हिऱ्यातही किरणांनी असेच दोष होतात. विल्यम क्रुक्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रेडियमच्या क्षारात हिरे ठेवले, ते हिरवे झाले. ते स्वतः किरणोत्सर्गीही राहिले. आज इलेक्ट्रॉनच्या झोताने रंगवलेले हिरे तसे राहत नाहीत. गामा किरणांनी रंगलेली काचही तशी होत नाही. रंग बदलला म्हणजे त्यात विष भरले, असे समजू नये. मात्र झोताने रंगवलेला खडा नैसर्गिक रंगाचा म्हणून विकणे ही फसवणूक होय. खरेदीच्या वेळी बिलावर तसा उल्लेख मागावा, आणि आपण विकत असू तर मागण्याआधीच करावा.

भीतीने डोळे मिटण्यापेक्षा कारण जाणून घेणे केव्हाही हिताचे. ते मुलांना समजावून सांगितले, तर हे पान सार्थकी लागले असे आम्ही मानू.