आजोबांच्या हवाली

पवना नदीच्या एका काठाला पिंपरी व चिंचवड, तर दुसऱ्या काठाला काळेवाडी. या काळेवाडीतील एका घरी अकरा वर्षांचा दादा व चार वर्षांची छकुली आपल्या आईबाबांसह आणि आजोबांसह राहत असत. साताऱ्याच्या आजीच्या डोळ्यातील मोतीबिंदूवर शनिवारी शस्त्रक्रिया व्हावयाची होती; म्हणून आईबाबा शुक्रवारी सायंकाळी तिकडे निघाले. आईने दोन पाने भरून सूचना लिहून ठेवल्या होत्या. आजोबांनी त्या न वाचताच खिशात घातल्या आणि ते म्हणाले, "सूनबाई, कारखान्यात चाळीस माणसे सांभाळली, ही दोन तर घरचीच आहेत!"

छकुली मात्र आईवाचून एकही रात्र राहिली नव्हती.

शुक्रवारची रात्र कठीण गेली. दिवा मालवताच छकुलीने "आई" म्हणून जो सूर लावला, तो काही केल्या थांबेना. आजोबांनी राजाची गोष्ट सांगितली, खांद्यावर घेऊन येरझारा घातल्या, खिशातल्या सूचनाही काढून वाचल्या. पण रडण्यावरचा उपाय त्यांत नव्हता. अखेर दादा उठला. त्याने दोरीवरची आईची जुनी सुती साडी आणून छकुलीच्या अंगावर पांघरली. साडीचा पदर मुठीत धरून ती थोड्याच वेळात झोपी गेली. चाळीस माणसांच्या त्या मुकादमाने नातवाकडे मोठ्या आदराने पाहिले.

शनिवारी आजोबांनी पिठले केले. त्यातल्या गुठळ्या छकुलीने बोटांवर मोजल्या. बोटे संपली तेव्हा दादाची घेतली. दुपारी आईचा दूरध्वनी आला. शस्त्रक्रिया नीट पार पडली होती. सायंकाळी पूल ओलांडून तिघेही चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात गेले आणि अंधार पडेपर्यंत घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिले.

रविवारी सकाळी डब्यामागे राहून गेलेला पाव दादाला सापडला. त्यावर हिरवट बुरशी चढली होती. तो फेकणार इतक्यात आजोबा म्हणाले, "थांब, हिच्या भाऊबंदांवर आपले घर चालले आहे!" पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना भारत सरकारने 1954 साली उभारला. आजोबांची सारी नोकरी तेथेच झाली होती. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आढळले, की जंतू वाढविण्याच्या बशीत चुकून बुरशी पडली आणि तिच्याभोवतालचे जंतू नाहीसे झाले. त्या बुरशीतील द्रव्य म्हणजे पेनिसिलिन. पिंपरीला अशी बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवून त्यापासून औषध काढीत.

"मग हा पाव खाल्ला तर ताप जाईल?" छकुलीने विचारले.

"पोट मात्र बिघडेल! बुरशीच्या जाती पुष्कळ. कित्येक विषारी असतात. औषध व्हायचे तर योग्य जात निवडून तिचे द्रव्य शुद्ध करावे लागते." असे म्हणून त्यांनी तो पाव कागदात गुंडाळून टाकून दिला व दोघांना हात धुण्यास लावले.

रात्री दहाच्या सुमारास आईबाबा परतले. स्वयंपाकघरात भांड्यांचा ढीग पडला होता, दादा चटईवर आडवा झाला होता आणि छकुली आजोबांच्या दंडावर डोके ठेवून गाढ झोपली होती. साडी दोरीवरच होती. आई तिला उचलण्यास वाकली, तोच आजोबांनी ओठांवर बोट ठेवले. त्यांचा हात केव्हाचा बधिर झाला होता.