नौकेच्या इंजिनाची वाढीव वॉरंटी : घ्यावी की न घ्यावी?

वागळे इस्टेटमध्ये जॉबवर्कचा गाळा चालविणाऱ्या आमच्या एका वाचकाने प्रश्न विचारला आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात त्यांच्या थोरल्या भावाची मासेमारी नौका आहे. जुने इंजिन काढून नवे डिझेल इंजिन बसवायचे ठरले असून पैसा ठाण्याच्या गाळ्यातून जाणार आहे. विक्रेता म्हणतो, थोडी रक्कम आणखी भरा आणि दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या. थोरल्याचे म्हणणे, घेऊन टाकू. धाकट्याचे म्हणणे, आधी हिशेब करू. प्रश्न एकाच घराचा नाही. कोकणातल्या कित्येक घरांची एक चूल गावी आणि एक ठाण्यात पेटते. म्हणून आपण हा हिशेब सविस्तर पाहू.

मूळ गोष्ट

इंजिनाबरोबर मिळणारी वॉरंटी किमतीतच धरलेली असते. वाढीव वॉरंटी हा वेगळा विकलेला माल आहे. तिच्या किमतीत दुरुस्तीचा अंदाजी खर्च, विक्रेत्याचे कमिशन आणि नफा असे सारेच येते. म्हणजे सर्व गिऱ्हाइकांचा एकत्र विचार केला तर भरलेले पैसे मिळालेल्या दुरुस्तीपेक्षा जास्तच असणार. तरीही ती घेणे कधी शहाणपणाचे ठरते? एकच मोठा बिघाड आपला धंदा बसवू शकतो, तेव्हा.

महिने मोजा, तासही मोजा

समजा, मूळ वॉरंटी १२ महिने किंवा २,००० तास आणि वाढीव धरून ३६ महिने किंवा ४,००० तास अशी आहे. कागदावर पुढे बारीक अक्षरांत 'जे आधी संपेल ते' असे शब्द असतात. नौका रोज १० तास आणि महिन्याला २५ दिवस चालली तर महिन्याचे २५० तास होतात. मोसम १ ऑगस्टला सुरू झाला तर २,००० तास मार्चअखेर भरतात. पुढचे २,००० तास एप्रिल, मे आणि दुसऱ्या मोसमातील ऑगस्ट ते जानेवारी या आठ महिन्यांत संपतात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत नौका उभी असते. तेव्हा तास पडत नाहीत, पण जिथे महिने मोजले जातात तिथे हे दिवसही वाया जातात. तात्पर्य, दोन वर्षे म्हणून घेतलेली वस्तू प्रत्यक्षात आठ महिन्यांचीच निघाली.

आकड्यांचा हिशेब

समजा, वाढीव वॉरंटीची किंमत ३६,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४२,४८० रुपये. आठ महिन्यांना भागले तर महिना ५,३१० रुपये पडतात. या काळात वॉरंटीत बसणाऱ्या किरकोळ दुरुस्त्या १०,००० रुपयांच्या धरू आणि मोठा बिघाड दीड लाखाचा. उरलेले ३२,४८० रुपये वसूल होण्यासाठी मोठ्या बिघाडाची शक्यता पाचांत एकाहून थोडी जास्त हवी. ती आहे का? हे विक्रेत्याला विचारू नये. तेच इंजिन वापरणारे दहा तांडेल बंदरावर गाठावेत आणि दुसऱ्या मोसमात कोणाचे इंजिन उघडावे लागले ते विचारावे. दहांत एकाचेच उघडले असेल तर सौदा महाग आहे.

कागदात काय नसते?

फिल्टर, पट्टे, रबरी भाग अशा झिजणाऱ्या वस्तू बहुधा वगळलेल्या असतात. खाऱ्या पाण्याचा गंज, थंड पाण्याची वाट तुंबून तापलेले इंजिन आणि भेसळीचे डिझेल यावरूनच तंटे होतात. ठरलेल्या तासांना सर्व्हिस केल्याची नोंद व बिले नसतील तर दावा फेटाळला जाऊ शकतो. मेकॅनिकचा प्रवास आणि इंजिन नौकेतून उचलण्याचा खर्च कोणाचा, हेही लेखी घ्यावे. बुडालेल्या दिवसांची भरपाई तर सहसा नसतेच. तसेच हमी कंपनीची, विक्रेत्याची की तिसऱ्याच कोणाची, हे पाहावे. दुकान बंद झाले तर त्याच्या कागदाचे मोल राहत नाही.

कायद्याचा आधार

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार त्यात ग्राहक ठरत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेणारा ठरतो. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी सांगितली. यंत्र स्वतः, एकदोघांच्या मदतीने चालविणारा ग्राहक. मोठ्या प्रमाणावर धंद्यासाठी सीएनसी यंत्र घेणारा कारखानदार नव्हे. म्हणून बिल नौका चालविणाऱ्या भावाच्याच नावाने करावे. ते गाळ्याच्या नावाने केले तर ग्राहक म्हणून दाद मागणे अवघड होईल आणि इंजिन गाळ्याच्या धंद्याचे नसल्याने जीएसटीची वजावटही रास्त ठरणार नाही.

निर्णय कसा करावा?

४२,४८० रुपये हाताशी आहेत असे धरू. ते वेगळ्या खात्यात टाकले आणि दीड लाखाचा बिघाड आला, तर १,०७,५२० रुपये कमी पडतील. ती रक्कम दागिने गहाण न टाकता, खलाशांचा हिस्सा न थकवता उभी करता येईल का? येत असेल तर वॉरंटी घेऊ नये. बिघाड आला नाही तर पैसा आपलाच. येत नसेल आणि कागद वरील कसोट्यांना उतरत असेल, तर महाग असूनही ती घ्यावी. अनिश्चित गोष्टीचे पैसे देण्याबाबत ज्यांच्या मनात शरई शंका असेल, त्यांनी कागद दाखवून जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा.

गाळ्यातल्या कॉम्प्रेसरचे किंवा लेथचे गणित याच रीतीने मांडावे, पण उत्तर वेगळे येऊ शकते. वागळे इस्टेटमध्ये यंत्र थांबले तर शेजारच्या गल्लीत मेकॅनिक सापडतो आणि काम दुसऱ्या गाळ्यातून करून घेता येते. इंजिन समुद्रात थांबले तर वॉरंटीचा कागद नौका ओढून आणत नाही. तिथे वेळेवर बदललेले ऑइल, जवळ ठेवलेले सुटे भाग आणि चालू वायरलेस हेच कामी येते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, वॉरंटी घ्या अथवा घेऊ नका, पहिला खर्च या तीन गोष्टींवर करावा.